वाट पाहण्याचे दिवस

बुधवारी सकाळी, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी, गाडीवान हिलाल दवाखान्याच्या ओट्याशी आला आणि शिवणाच्या मशीनखाली गोणपाट घालायचं की नुसत्या कडब्यावर भागेल, एवढंच त्याने विचारलं. सुसाना औषधाच्या बाटल्या धूत होती. कुठलं मशीन आणि कुठं न्यायचं, असं तिने मान वर न करता विचारलं. हिलाल हसला. "तुमन्हंच ते, बाई. शनवारे सकाये ब्राह्मणपुरीले निघनं शे ना. मडमसायबनी सोमवारेच गाडी सांगी ठेवी." मग आपलं काहीतरी चुकलं हे त्याला तिच्या तोंडावरून कळलं असावं, कारण गोणपाटाचं स्वतःच ठरवून टाकत तो बैलांकडे निघून गेला. सुसानाने बाटली धुतली, उपडी घातली, दुसरी घेतली. बाटलीत पाणी बुडबुडत शिरलं. सोमवारीच. आणि आज बुधवार. आजपासून शुक्रवारपर्यंत नंदुरबारच्या या मिशनच्या आवारातले सगळे कामकरी देवाला एकच गोष्ट विचारायला बसणार होते, की सुसानाबाईला सेवेसाठी कुठं पाठवावं. देवाने अजून तोंड उघडलं नव्हतं, आणि बैलांची सोय झालेली होती.

या दिवसांना आवारात वाट पाहण्याचे दिवस म्हणत. रीत मिशनच्या गोऱ्या साहेबांनी आपल्या देशातून आणली होती, पण आता ती इथल्या कडुलिंबांइतकीच इथली झाली होती. कोणाची नेमणूक करायची असली की फाटक लावून घ्यायचं. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. जेवण एकदाच. गावांची नावं तोंडातून काढायची नाहीत, म्हणजे एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात शिरत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी उपासनेच्या खोलीत गोल बसायचं आणि ज्याला प्रभूने जे दिलं ते त्याने सांगायचं, वडीलधाऱ्यांनी आधी. सुसानाला हे दिवस मनापासून आवडत आले होते. नवरा तापाने गेला, पदरात मूल नाही, सासरी कोणी विचारीना, तेव्हा अशाच एका शुक्रवारी तिला घरोघर बायबल सांगणारी बायबलबाई नेमलं होतं, आणि साक्षात देवाने आपल्याविषयी आठ माणसांशी बोलणं केलं या विचाराने ती रडली होती. कोरीटच्या शेतमजुराच्या पोरीविषयी! तिच्याविषयी तोवर कोणी पंचाईतसुद्धा भरवली नव्हती. पुढं तिला सुईणपण शिकवलं तेही असंच ठरलं. आता बाटल्या धुताधुता तिला भलतंच आठवायला लागलं. पौलस मास्तरला पलीकडच्या तालुक्यात पाठवायचं प्रभूने दाखवलं, तेव्हा तिथं शाळेची कौलं चढून झाली होती. म्हाताऱ्या अब्राहामला नंदुरबारातच ठेवायचं दाखवलं, त्याच्या आदल्या महिन्यात त्याच्या खोलीला नवीन दार बसलं होतं. हे तिला तेव्हाही दिसलं होतं. दिसलं होतं आणि ती म्हणाली होती, बघा, देव कसा आधीपासून सगळं जमवतो. आता तिला तोंडात साबणाचं पाणी गेल्यासारखं झालं. तिने बाटल्या तशाच ठेवल्या आणि ती घंटेला गेली.

ब्राह्मणपुरीत वाईट काही नव्हतं. तिथला एक मोठा शेतकरी शाळेला जागा देत होता, घरच्या लेकीसुनांना शिवण शिकवायला आणि चार अक्षरं शिकवायला बाई मागत होता. काळी जमीन, कापूस, गुळाचा वास, पाणी हाताशी. त्या मुलींनाही कोणी शिकवायला हवंच होतं, सुसानाने ते कधी नाकारलं नसतं. तिला कोणी सरळ म्हटलं असतं, की बाई, आमची तिथं गरज आहे, तू जा, तर तिने मुकाट्याने ट्रंक भरली असती. तिला चीड आली होती ती विचारण्याच्या सोंगाची. गुडघे टेकून, डोळे मिटून, उपाशी राहून देवाला विचारायचं, आणि उत्तर आधीच गाडीवानाजवळ ठेवायचं. म्हणजे त्या घटकेला आवारात देवाच्या मनातलं फक्त हिलालला माहीत होतं, आणि हिलाल तर प्रार्थनेलाही येत नसे.

पारुबाई त्याच दुपारी आली. खांडबाऱ्याच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, सागपाडा. गेल्या हिवाळ्यात साहेबांचा दौऱ्याचा तंबू तिथं ओढ्याकाठी पडला होता आणि सुसाना औषधांची पेटी घेऊन बरोबर गेली होती. पाड्यात कोणी ख्रिस्ती नव्हतं, आजही नाही. लोक दोन दिवस लांबून बघत राहिले, तिसऱ्या दिवशी पारुबाई येऊन सरळ तंबूच्या दोरीला धरून उभी राहिली. तिची थोरली लेक बाळंतपणात अडली होती. सुसाना गेली, पण वेळ होऊन गेली होती, बाईही गेली आणि मूलही गेलं. तिथून निघताना सुसानाने पारुबाईचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, की पुन्हा कोणाला असं झालं तर थांबू नका, मला आधी बोलवा, मी येईन. अशी वाक्यं दौऱ्यावर पुष्कळदा बोलली जातात. पारुबाईने ते वाक्य मनात धरून ठेवलं होतं. आता धाकट्या लेकीचे, फुलीचे, दिवस भरत आले होते, तेव्हा ती पाड्यातून चालत खांडबारा स्टेशनाला आली, कोणाकोणाला विचारत गाडीत बसली आणि नंदुरबारला उतरून मिशनच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसली. फाटक बंद होतं. तिला बाजारापुरती अहिराणी येत होती, सुसानाला तिची डोंगरातली बोली तुटकीतुटकी येत होती, म्हणून दोघी फाटकाच्या गजांमधून अहिराणीतच बोलल्या.

"तू सांगेल व्हतं, बलाव, मी येसू," पारुबाई म्हणाली. "बलावाले उनू. पोरना पाय सुजी गयात. डोयासमोरे अंधारी येस."

सुसानाने विचारलं, तोंडही सुजलंय का. पारुबाईने आपल्या डोळ्यांखाली बोट फिरवून दाखवलं. डोकं दुखतं का. सारखंच दुखतं, म्हणाली. सुसानाला दवाखान्यात शिकवलेलं सगळं एका क्षणात आठवलं, आणि ते नसतं आठवलं तर बरं झालं असतं असंही वाटलं. सुजलेले पाय, सुजलेलं तोंड, डोळ्यांपुढं अंधारी, मग झटके. झटके आले की तिथं डोंगरात कोणी काही करू शकत नाही, पण त्याआधी पोचलं तर पुष्कळ करता येतं. निदान अंधारात निजवता येतं, मीठ बंद करता येतं, डोली करून बाईला आगगाडीपर्यंत आणता येतं. अब्राहाम मागून आला. आवारातला सगळ्यात जुना प्रचारक, पांढऱ्या मिशांचा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. त्याने पारुबाईला नमस्कार केला, तिला प्यायला पाणी आणवलं, आणि सुसानाला हळूच म्हणाला, की बाई, हे दिवस कोणते आहेत ते तुम्हाला सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी फाटक उघडेल. तो खोटं बोलत नव्हता, दुष्टही नव्हता. पाणी तर त्याने खरंच थंडगार माठातलं दिलं.

ती मडमसाहेबांकडे गेली. मडमसाहेब खोलीत एकट्या प्रार्थनेला बसल्या होत्या, तरी त्यांनी तिला आत घेतलं, शेजारी बसवलं, सगळं ऐकून घेतलं. त्यांचं मराठी पुस्तकासारखं शुद्ध होतं आणि त्यात राग कधी सापडत नसे. त्यांनी फुलीसाठी गोळ्या काढून दिल्या, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, आणि पारुबाईला आजच्या आगगाडीने लेकीकडे परत जायला सांगा असंही म्हणाल्या. मग सुसानाच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "प्रभू बोलण्याच्या अगदी आधी मन असेच दुसरीकडे ओढले जाते, सुसाना. मलाही तसे पुष्कळदा झाले आहे. तुम्ही शांत राहा." त्यांच्या हाताला लव्हेंडरचा वास येत होता आणि त्या हाताने या मुलखात शेकडो माणसांच्या जखमा बांधल्या होत्या, हे सुसानाला माहीत होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला. वाईट माणसावर रागवायला काय लागतं. तिच्या जिभेवर आलं होतं, की मडमसाहेब, गाडी सोमवारीच सांगितलीत ना. पण गोळ्या घेऊन ती फाटकाशी आली. पारुबाईने गोळ्या पदराला बांधल्या, बाकीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, लेकीजवळ दुसरी बाई आहे, रमिलाबाई, ती बघतेय, मी तुला घेऊनच जाणार. आणि ती पुन्हा झाडाखाली जाऊन बसली.

त्या वेळी सुसाना फाटक उघडून निघू शकली असती. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. हे पुढं तिला फार आठवलं. पण तेव्हा तिच्या मनात हिशेब चालला होता, आणि तो हिशेब मूर्खपणाचा नव्हता. आज अशीच पळाले तर मला काढून टाकतील. काढून टाकली तर हातात ना औषध, ना पेटी, नुसती एक विधवा बाई डोंगरात जाऊन काय करणार? फुलीचे दिवस भरत आलेत, भरले नाहीत. शुक्रवारी गोल बसल्यावर मी उभी राहून सांगेन, की मला सागपाडा दिला आहे, आणि मग सगळ्यांसमोर, रीतीप्रमाणे, पेटीसकट जाईन. आणि याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती तिने स्वतःशीसुद्धा नीट उच्चारली नाही. तिला बघायचं होतं. सोमवारी सांगितलेली गाडी देव मोडतो का, हे तिला बघायचं होतं. त्याने एकदा तरी या लोकांना तोंडघशी पाडावं, कोणाच्या तरी तोंडून, अब्राहामच्याच तोंडून, सागपाडा हे नाव काढावं, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघत राहावं. त्या दृश्यासाठी ती थांबली होती. रागाने माणूस पळतो असं म्हणतात, पण ती रागाने जागच्या जागी बसून राहिली.

गुरुवारी ऊन चढलं. होळी तोंडावर आली होती, कडुलिंबाची पानं गळून आवारभर पसरली होती, आणि या दिवसांत तिला ती झाडायलाही परवानगी नव्हती. गुडघे दुखेपर्यंत ती खोलीत बसली. डोळे मिटले की आधी नेहमी एक प्रकारची शांतता यायची, पोटात गरम पेज गेल्यावर येते तशी. ती आज आली नाही. कापसाच्या जिन-गिरणीचा भोंगा आला. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर आली. हिलाल गाडीच्या चाकाला वंगण घालत होता, त्याचं गुणगुणणं आलं. देवाकडून काही आलं नाही. तिने विचारलं, सरळ विचारलं, तिच्या अहिराणीत, जी तिने प्रार्थनेत कधी वापरली नव्हती, कारण प्रार्थना शुद्ध मराठीत करायची अशी सवय लागली होती. तरी काही नाही. मग तिला शंका यायला लागली, की हे जे मला सागपाड्याचं वाटतंय ते तरी कोणाचं? देवाचं, की थोरलीच्या मरणाचा मनात राहिलेला काटा? की मडमसाहेबांवरचा नुसता राग? तिनेही आपली गाडी आतल्या आत जुंपून ठेवलीच होती की. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? फरक एवढाच, की आपल्या गाडीला बैल नव्हते. हे सुचल्यावर तिला हसू आलं, आणि हसल्याबद्दल लाज वाटली, आणि लाज वाटल्याबद्दल पुन्हा राग आला. खिडकीतून फाटक दिसत होतं. गजांच्या पलीकडे पारुबाईचा तांबडा पदर. ती हलत नव्हती, झोपली होती की बसली होती कळत नव्हतं. कोणीतरी तिला भाकरी नेऊन दिली होती, आवारातली माणसं त्या बाबतीत चुकत नसत.

आणि मग तिची आई आठवली, रेवाबाई, न बोलावता. कोरीटला त्यांचं एकच झोपडं ख्रिस्ती झालं होतं, पण आई आधीपासून गावची दाई होती आणि बाप्तिस्म्यानंतरही दाईच राहिली. पाटलाच्या गड्याची बायको असो, भिल्लाची असो, कोणी दारात येऊन नुसतं नाव घेतलं की आई उठायची. भाकरी थापत असली तर पीठ परातीत तसंच. पाण्याच्या हाताने पीठ पुसत, पदर डोक्यावर घेत चालायला लागायची, आणि मागं सुसानाने ती अर्धी थापलेली भाकरी कशीबशी तव्यावर टाकायची. जाड व्हायची, कच्ची राहायची, बाप चिडायचा. सुसाना लहान असताना तिला वाटायचं, की आईला आपल्या घरापेक्षा लोकांचं घर प्यारं आहे. एकदा तिने विचारलंही होतं, की तू देवाला न विचारताच कशी जातेस? कारण रविवारी पाळक सांगून गेले होते, सगळं त्याला विचारून करा. आई गोंधळली होती. तिला प्रश्नच कळला नव्हता. बलावाले माणूस येल व्हता ना, एवढंच ती म्हणाली, आणि आपले पिठाचे हात धुवायला लागली. सुसानाने पुढं शिक्षण घेतलं, शास्त्र शिकली, दैवी मार्गदर्शनावर सरकारी ओव्हरसियरच्या शिकलेल्या बायकोपुढंही तासभर बोलू शकायची. आईला ते कधी जमलं नसतं. त्या संध्याकाळच्या उपासनेत साहेबांनी जुन्या प्रेषिताची गोष्ट घेतली, त्याला रात्री दृष्टान्तात एक परमुलखातला माणूस दिसला आणि इकडे येऊन आम्हाला मदत कर म्हणाला, ती. साहेब फार सुंदर बोलले. त्या माणसाची विनवणी त्यांनी दोनदा वाचून दाखवली. खिडकीच्या बाहेर, वीस पावलांवर, एक बाई कडुलिंबाला टेकून बसली होती, आणि खोलीतल्या एकाचीही मान तिकडे वळली नाही. सुसानाची वळली. पण नुसतीच वळली.

शुक्रवारी दुपारी सगळे गोल बसले. आधी अब्राहाम. पहाटे प्रार्थनेत त्याला उभ्या पिकाचं शेत दिसलं होतं, सपाट, दूरवर पसरलेलं, त्यात कुठं डोंगर नव्हता. मग या दिवसांपुरता तालुक्यातल्या शाळेवरून आलेला पौलस मास्तर. त्याला शब्द मिळाला नव्हता, पण ब्राह्मणपुरी हे नाव मनात आलं की शांती वाटत होती, दुसरीकडचं काही आणलं की ती जात होती. मग दवाखान्यातल्या बाई, मग शिवणवर्गाच्या. एकीला स्वप्नात सुई दिसली. सुसाना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. कोणीही लबाडी करत नव्हतं, हे सगळ्यात भयंकर. त्यांना खरंच दिसलं होतं. दोन दिवस उपाशी बसलेल्या माणसाला मडमसाहेबांच्या चेहऱ्यावर जे आहे ते स्वप्नात दिसायला कितीसा वेळ लागतो. तिची पाळी सगळ्यांत शेवटी होती, म्हणजे जिला पाठवायचं तिने सर्वांच्या मागून बोलायचं. ती उभी राहिली. सागपाड्याविषयी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं मागंच राहिलं, आणि भलतंच वाक्य आधी बाहेर आलं.

"ब्राह्मणपुरीची गाडी सोमवारीच सांगितली होती," ती म्हणाली. "मग आपण बुधवारपासून कोणाला विचारत होतो?"

तिला वाटलं होतं, की खोलीत काहीतरी कोसळेल. कोणीतरी मान खाली घालेल, निदान साहेब तरी. मडमसाहेब मात्र हसल्या, अगदी मायेने, अश्रू आल्यासारख्या. "पाहा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "आपण मागण्याआधीच तो सिद्धता करतो." आणि अब्राहाम आमेन म्हणाला, पौलस आमेन म्हणाला, आणि स्वप्नात सुई दिसलेल्या बाईने डोळे पुसले. सुसाना उभीच होती. तिला वाटलं, आता ओरडावं, भिंतीवर काहीतरी फेकून मारावं. हेच वाक्य ती स्वतः कित्येकदा बोलली होती. या वाक्यापुढं काही चालत नाही, यात कोणतीही गाडी बसते. ती म्हणाली, फाटकाबाहेर परवापासून बाई बसली आहे, तिच्या लेकीचं काय? तेव्हा अब्राहामने, खरोखर दुःखाने, तिला उत्तर दिलं, की तिची मला कीव येते, बाई, पण या दिवसांत कोणाच्याही प्रार्थनेत तिचं नाव आलं नाही. साहेब काहीतरी बोलायला लागले. सुसाना त्यांचं पुरतं न ऐकता खोलीतून बाहेर पडली. आपल्या खोलीत जाऊन तिने कात्री, दोरा, उकळलेल्या चिंध्यांचं गाठोडं एवढं स्वतःचं घेतलं. आवाराची औषधपेटी टेबलावर होती, तिला तिने हात लावला नाही. मागून पौलस मास्तर आला आणि फाटकाशी तिला कळकळीने सांगायला लागला, की आता गेलात तर परत येता येणार नाही, मंडळी तुम्हाला ठेवणार नाही, विचार करा. तिने विचार केला नाही. कडी वर केली, ती एका हाताने वर झाली. पारुबाई तिला बघून उठली, लुगडं झटकलं, आणि स्टेशनाकडे चालायला लागली.

गाडीत दोघी दाराजवळ फळीवर बसल्या. अब्राहामला, पौलसाला, सगळ्यांना द्यायची उत्तरं सुसानाला आता सुचत होती, एकाहून एक चांगली. मडमसाहेबांना तर तिने मनातल्या मनात, खिडकीबाहेर पळसाच्या फुलांकडे बघत पूर्ण गप्प केलं. मग साहेबांना. मग तिने सगळ्यांना सोडून देवाकडेच मोर्चा वळवला, की तू तरी काय केलंस? तू एक शब्द बोलला असतास, नुसता एक. तुझ्या नावावर हे लोक काय काय खपवतात, तुला राग येत नाही? मला येतो. तुझ्यासाठी मी नवरा गेल्यावर दुसरं घर केलं नाही, आईला शेवटचं बघायला मिळालं नाही, कारण तेव्हाही वाट पाहण्याचेच दिवस होते. तू निदान मला तरी सांगायचंस. खांडबारा आलं. उतरल्यावर ऊन कलत होतं. ओळखीच्या घरी पडवीत दोघी टेकल्या आणि उजाडल्याबरोबर डोंगराच्या वाटेला लागल्या. मोहाची फुलं वेचायला निघालेल्या बायका वाटेत भेटल्या, पारुबाई त्यांच्याशी तिच्या बोलीत बोलली. पुढं एका वळणावर तिचा भाऊ आमशा समोरून येताना दिसला. तो त्यांनाच शोधत खाली उतरत होता. तो थांबला आणि त्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. पारुबाई त्याच्या बाजूने पुढं चालत गेली, आणि मग तिची चाल एकदम मंद झाली.

फुलीला शुक्रवारी सकाळी झटके आले होते आणि दुपारी ती गेली होती. मूल पोटातच होतं. तिला रिवाजाप्रमाणे पुरूनही झालं होतं, पाड्याच्या खाली ओढ्याच्या अंगाला, वर दगड रचले होते. दुपारी. म्हणजे ते गोल बसले होते तेव्हा, किंवा अब्राहामचं शेत सांगून झालं होतं तेव्हा, किंवा सुईचं स्वप्न. सुसाना दगडांसमोर उभी राहिली आणि तिच्या छातीत राग भरून आला. तिला वाटलं, या क्षणी आवारातल्या सगळ्यांना केसांना धरून इथं आणून उभं करावं. हे बघा तुमचं मार्गदर्शन. हे दगड बघा. ओढ्यात पाणी फारसं नव्हतं, डबकी होती, डबक्यांवर गुरं येत होती. रमिलाबाई आणि आणखी दोघी-तिघी बायका लांब बसल्या होत्या, त्या सुसानाकडे बघत नव्हत्या, किंवा बघून नजर काढून घेत होत्या. पारुबाई दगडांजवळ खाली बसली. पदराची गाठ सोडून तिने गोळ्या काढल्या, त्यांचं काय करायचं ते तिला कळेना, तिने त्या तशाच मुठीत धरल्या. ती रडली नाही, निदान तेव्हा नाही. मग ती बोलली, सुसानाशी, बाजारातल्या अहिराणीत, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती परमुलखातून आलेल्या देवाच्या दारात बसून राहिली होती, ते सगळे आत काय विचारत होते हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"तुन्हा देवनी काय सांगं मंग?"

सुसानाच्या मनात त्या बाईपुढं मांडण्याजोगं एकही खोटं उरलं नव्हतं. गाडीतली सगळी चांगली चांगली उत्तरं होती, पण ती दुसऱ्यांसाठी होती. आणि मग तिला दिसलं, इतकं साधं, की पूर्वी कसं दिसलं नाही याचं तिला नवल वाटलं. देव गप्प नव्हता. तो बुधवारी दुपारीच बोलून गेला होता, अहिराणीत, तुटक्या, फाटकाच्या गजांमधून, तिचंच वाक्य तिला परत करत. आता तिला वाटलं, त्याने एवढं स्पष्ट बोलायला नको होतं. ती पारुबाईच्या शेजारी मातीत बसली.

"त्यानी तुलेच धाडं व्हतं, माय," ती म्हणाली. "पहिलाच दिन. आम्हीन तुले फाटकनाबाहेर बसाडी ठेवं."

आम्ही म्हणजे मडमसाहेबांनी, अब्राहामने, साहेबांनी. ते ती बोलत होती तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं ते सगळे होते, आणि राग अजून शाबूत होता, आधाराला धरण्याइतका शाबूत. पारुबाईने तिच्याकडे मान वळवली. उन्हाने आणि जागरणाने लाल झालेले डोळे, त्यांत राग कसलाच नाही, नुसता विचार. ती सुसानाने सांगितलेलं मनात नीट लावून बघत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी न जुळल्यासारखी.

"मंग तू," तिने विचारलं, "तू का नही उठनी?"